रक्तातली एस.टी.

तेल पाण्यात विरघळत नाही हे आपण शाळेतच शिकलो. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल ही लैंगिक संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासून बनतात, म्हणजे जात तेलकटच. मग बहुतांशी पाणीच असलेल्या रक्तातून ती फिरतात कशी? उत्तर सोपं आहे. प्रथिनांच्या एस.टी.त बसून!

माणसात अशा मुख्य गाड्या दोन. अल्ब्युमिन म्हणजे लाल डबा: रक्तात भरपूर, कुणालाही घेणार, पण पकड सैल. दुसरी एस.एच.बी.जी., ही यकृतात तयार होते. संख्येने कमी, पण रिझर्व्हेशनवाली. ठराविक संप्रेरकांनाच घेते आणि घट्ट धरते. पुरुषाच्या रक्तात मोकळं टेस्टोस्टेरॉन उरतं जेमतेम २ टक्के, आणि पेशीत सहज शिरतं ते हेच. ते कमी झालं की गाडीतून थोडं खाली उतरतं. पॉवर सप्लायमधला कपॅसिटर आठवा!

पण ही नुसती वाहतूक नाही, बंदोबस्तही आहे. उंदराचंच बघा. गर्भातल्या पिल्लाच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन भरपूर असतं. ते इस्ट्रोजेनला पकडून ठेवतं, टेस्टोस्टेरॉनला नाही. त्यामुळे नर पिल्लाचं टेस्टोस्टेरॉन थेट मेंदूत पोचतं. गंमत म्हणजे तिथे अरोमाटेज हे एन्झाइम त्याचंच इस्ट्रॅडिओल करतं आणि मेंदूला नराचं वळण लागतं! मादीचा मेंदू या प्रथिनामुळे इस्ट्रोजेनपासून वाचतो.

हे कशावरून? ज्युली बाकर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली या प्रथिनाचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या माद्या मोठेपणी नराला मादीसारखा प्रतिसाद देईनात. गर्भात असतानाच इस्ट्रोजेन बनणं औषधाने थांबवलं, तेव्हा हे वर्तन परत आलं. म्हणजे बंदोबस्त खरा!

मात्र उंदराचा नियम माणसाला जसाच्या तसा लावू नका. माणसाचं अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्रोजेनला असं धरून ठेवत नाही, आणि मोठ्या उंदराचं यकृत एस.एच.बी.जी. बनवत नाही.

जिमवाल्या मित्रांनो, यात तुमच्याही कामाची गोष्ट आहे. लठ्ठपणात एस.एच.बी.जी. कमी होतं. मग रिपोर्टात एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, पण मोकळं ठीकठाक असू शकतं. तेव्हा एका आकड्यावरून घाबरून कुणी सांगितलेलं इंजेक्शन घेऊ नका. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. स्टँडवर गाड्या किती लागल्या यापेक्षा प्रवासी उतरले किती, हे महत्त्वाचं!