हैदराबाद, घाटी, सिव्हिल

धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं 2022 साली. पण या जिल्ह्याच्या डॉक्टरी शिक्षणाची गोष्ट त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी, हैदराबादेत सुरू होते. 1853 ते 1860 ही इंग्रजी अंमलाची वर्षं सोडली, तर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचाच. सोलापूर हाकेच्या अंतरावर, पण ते इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. आपलं सरकार, आपली कचेरी आणि आपलं वैद्यकीय विद्यालय, सगळं पूर्वेला.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली उघडलं आणि पुढच्याच वर्षी हैदराबादेत मेडिकल स्कूल निघालं. निजाम नासिरुद्दौला आजारी पडला, रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन यांच्या उपचारांनी त्याला उतार पडला, आणि त्यातूनच ही शाळा निघाली. शिकवणं उर्दूतून. देशी भाषेत आधुनिक वैद्यक शिकवता येईल का, या प्रश्नावर आपल्याकडे अजून परिसंवाद भरतात. हैदराबादेत ते तेव्हाच सुरू झालं होतं.

पुढे 1885 साली या शाळेवर एडवर्ड लॉरी आले आणि माध्यम इंग्रजी झालं. लॉरी मोठे हट्टी गृहस्थ. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो हृदय बंद पडल्याने नव्हे, आधी श्वास थांबतो म्हणून, असं त्यांचं ठाम मत. भूल देणाऱ्याने नाडी धरून बसू नये, श्वासावर नजर ठेवावी, हा त्यांचा धडा. 1888 साली आयोग नेमून त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला ते पटेना, तेव्हा प्रतिनिधी पाठवण्यासाठी निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले. 1889 साली ‘लॅन्सेट’तर्फे लॉडर ब्रंटन येऊन गेले, दुसऱ्या आयोगाने लॉरींचीच बाजू उचलून धरली. क्लोरोफॉर्म थेट हृदयालाही दगा देतो, हे पुढे ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिलं. म्हणजे लॉरींचा सिद्धांत अर्धाच खरा होता. श्वासाकडे बघण्याची शिस्त मात्र टिकली. त्यांच्याच विद्यार्थिनी रूपाबाई फरदूनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात.

विसाव्या शतकात शाळेचं उस्मानिया मेडिकल कॉलेज झालं. ज्या निजामाचं नाव आपल्या जिल्ह्याला पूर्वी (उस्मानाबाद म्हणून) होतं, त्याच मीर उस्मान अलींचं. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम पुन्हा उर्दू. मराठवाड्यातल्या मराठी मुलाला डॉक्टर व्हायचं तर आधी उर्दूत पक्कं व्हावं लागे. जे पोचले त्यांचं कौतुकच, पण ती वाट किती घरांना परवडणार होती?

मराठवाड्यात पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1956 साली औरंगाबादला निघालं. लोकांनी त्याला ‘घाटी’ म्हटलं आणि आजही तेच नाव चालतं. धाराशिवहून घाटी दोनशे किलोमीटरच्या पुढे. 1963 साली सोलापूरला वैशंपायन स्मारक महाविद्यालय झालं, तेव्हा अंतर सत्तरच्या आसपास आलं. तोवर प्रांतांची सीमाही पुसली होती. जिल्ह्यात ‘सिव्हिलला हलवा’ म्हटलं की बऱ्याचदा सोलापूरचंच सिव्हिल समजावं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्याला निजामाविरुद्ध लढलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचं नाव मिळालं. लातूरचं आलं 2002 साली.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीसोबत आपल्या उमरगा-लोहाऱ्याकडची गावंही कोसळली, तेव्हा जखमींना सोलापूर, लातूर गाठावं लागलं. जिल्ह्यात मोठं रुग्णालय का हवं, हे पटवून द्यायला त्यानंतर आणखी पुराव्याची गरज नव्हती. तरी एकोणतीस वर्षं गेली. या काळात धाराशिवात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय होतंच. आणि अणदूरला शशिकांत व शुभांगी अहंकारी या डॉक्टर दांपत्याने ‘हॅलो’ संस्थेतून गावातल्याच बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. कॉलेजची वाट बघत बसलेल्या जिल्ह्यातलं हे काम मला कॉलेजाइतकंच मोलाचं वाटतं.

2022 ला 100 जागा मंजूर झाल्या, जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडलं गेलं. साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर आंतरवासिता, म्हणजे पहिली तुकडी पुरती डॉक्टर व्हायला वेळ लागणारच. तोवर जिल्ह्याने जागांच्या आकड्यापेक्षा शिकवणाऱ्यांची पदं किती भरली जातात, हे मोजत राहावं. रात्री भूलतज्ज्ञ हजर असेल, तर सोलापूरला निघणाऱ्या गाड्या आपोआप कमी होतील.