अर्धशक्ती आणि अर्धमॅरेथॉन

वर्षा ऋतूत आयास टाळावा, असे आपले ग्रंथ सांगतात. आणि नेमक्या त्याच ऋतूत साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून हजारो माणसे एकवीस किलोमीटर धावतात. ही विसंगती गेल्या काही वर्षांत आमच्या चिकित्सालयात वारंवार प्रश्नरूपाने समोर येऊ लागली आहे. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, चाळिशी ओलांडलेल्या गृहिणी येतात आणि विचारतात, "आम्ही धावावे का?" केवळ ऋतुचर्येतील निषेध ऐकविला, तर विचारणारा पुन्हा आपल्याकडे येत नाही, धावतो मात्र अवश्य. नुसतीच पाठ थोपटून पाठविले, तर शास्त्राशी आणि त्याच्या शरीराशी प्रतारणा होते. या दोहोंमधला मार्ग शोधताना आम्हांस जे अनुभव आले, ते वैद्यबंधु-भगिनींपुढे व औषधी दुकानदार मित्रांपुढे ठेवीत आहोत. त्यांतील पहिला अनुभव आमच्या स्वतःच्याच चुकीचा आहे.

घाटाची भूल

अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. त्याच वर्षी युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचे पठार होते. शर्यत पठारापर्यंत जात नाही. परंतु वाट त्याच दिशेची. शहर मागे पडते, समर्थ मंदिराचा परिसर ओलांडला की यवतेश्वरचा चढ लागतो, आणि कासच्या रस्त्यावर काही अंतर जाऊन धावपटू त्याच वाटेने परततात. म्हणजे पूर्वार्ध बहुतांशी चढाचा आणि उत्तरार्ध उताराचा.

श्रावण-भाद्रपदात या वाटेचे रूप काय वर्णावे! खाली अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेले शहर, वर गेल्यावर एका अंगास कण्हेरचे पाणी, दुसऱ्या अंगास उरमोडीचा जलाशय आणि पलीकडे सज्जनगड. कातळावर तेरडा आणि सोनकी फुललेली. धुके अंगावर येते, भुरभुर पाऊस घाम धुऊन नेतो. हे सारे मनास प्रसन्न करणारे आहे यात शंका नाही; मात्र वैद्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हीच प्रसन्नता श्रमाची जाणीव बोथट करते. थंड वाऱ्यात घाम दिसत नाही, तहान जाणवत नाही, आणि शरीर आपली मर्यादा ओलांडते तेव्हा मन फुले पाहण्यात गुंतलेले असते.

आमची चूक

२०१६ साली आम्ही या वाटेने प्रथम धावलो. सराव जेमतेम सात आठवड्यांचा, तोही सपाट रस्त्यावरचा. पुढे धावणाऱ्या तरुणांना गाठण्याच्या ईर्षेने घाट एका दमात चढलो. मुखाने श्वास सुरू झाला, घशास कोरड पडली, कपाळावर पावसातही वेगळा कळेल असा घाम आला. ही लक्षणे आम्ही विद्यार्थ्यांना शिकविलेली होती. परंतु त्या वेळी एकही आठवले नाही. उतरताना मांड्या थरथरू लागल्या. शर्यत पूर्ण केली, पदक गळ्यात पडले, आणि त्याच दुपारी दोनदा वांती झाली. पुढे ज्वर आणि कास. पाच दिवस चिकित्सालय बंद राहिले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिव्यायामाचे दुष्परिणाम सांगितले आहेत: श्रम, क्लम, तृष्णा, कास, ज्वर, छर्दि. ही यादी आम्ही अंथरुणावर पडून स्वतःच्याच शरीरात पडताळून पाहिली. वाग्भटाचार्यांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टान्त का दिला असावा, तेही उमगले. सिंह बलवान असतो, हत्तीला लोळवितो. नाश होतो तो नंतर, मर्यादेबाहेरच्या ओढाताणीने.

सहाव्या दिवशी एक वृद्ध शेतकरी रुग्ण आले. चिकित्सालय का बंद होते, हे त्यांना गावातून कळलेच होते. औषधाची पुडी हाती घेत ते म्हणाले, "डाक्टर, नव्या बैलाला बी पयल्या दिशी निम्माच दीस जुपत्यात." त्यांनी एका वाक्यात आम्हांस अर्धशक्तीचा पाठ दिला आणि ते निघून गेले.

अर्ध कशाचे?

स्निग्ध भोजन करणाऱ्या बलवान व्यक्तीने शीतकाळात व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर काळी त्याहून कमी करावा, असा वाग्भटांचा उपदेश आहे. आपल्या ग्रंथांत या बलार्धाची ओळखही दिली आहे. कपाळ, नाक, काखा, सांधे येथे स्वेद, मुखशोष, आणि हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागणे, येथे थांबावे. आजचे क्रीडावैद्यक सांगते की, सरावाच्या धावण्यात सलग वाक्य बोलता आले पाहिजे. मोजमाप वेगळे, मर्म तेच.

येथे एक मुद्दा सहज निसटतो. बलार्ध हे अंतराचे अर्ध नव्हे. ते त्या व्यक्तीच्या त्या दिवशीच्या बलाचे अर्ध होय, आणि बल अभ्यासाने वाढते. चरकाचार्यांनी ज्या अध्यायात व्यायाम सांगितला, त्याच अध्यायात अहित सोडण्याचा आणि हित अंगीकारण्याचा पादांशिक क्रमही सांगितला आहे. चतुर्थांश, चतुर्थांशाने पुढे जावे. म्हणजे ज्याला भाद्रपदात घाट चढावयाचा आहे, त्याने हेमंतात आरंभ केला पाहिजे. अग्नी प्रदीप्त, बल उत्तम, अशा काळात शक्ती कमवावी. वर्षा ऋतूत अग्नी मंद आणि वात प्रकुपित असताना नवी शक्ती कमविण्याचा हट्ट धरू नये. कमविलेल्या शक्तीचा काही अंशच खर्च करावा. पौषात जे अंतर पूर्ण शक्ती मागत होते, ते श्रावणात अर्ध्या शक्तीत आले असेल, तरच त्या व्यक्तीने शर्यतीत उतरावे. आमच्या मते ऋतुचर्या आणि शर्यत यांचा मेळ बसतो तो एवढ्याच ठिकाणी.

२०१८ साली आम्ही याच क्रमाने पुन्हा गेलो. चढ आला की चालावयाचे आणि श्वास नाकावाटे आल्यावर पुन्हा धावावयाचे, हा नियम पाळला. अनेक वयस्कर धावपटू पुढे निघून गेले. परंतु दुसऱ्या दिवशी चिकित्सालय नेहमीच्या वेळी उघडले. आम्हांस तेच पदक वाटले.

उताराविषयी स्वतंत्र सूचना हवी. उतरताना मांडीच्या पुढील स्नायूंना ताणले जात असतानाच भार पेलावा लागतो. त्यातून होणारी सूक्ष्म इजा एक ते तीन दिवस वेदना देते. म्हणून सरावात उतारही थोडाथोडा वाढवावा. धावून आल्यावर सुखकर वाटेल इतकेच हलके मर्दन करावे. जोर लावून रगडू नये.

नकार देण्याचे धैर्य

वातपित्ताचे व्याधी, अजीर्ण, बाल्य आणि वार्धक्य या अवस्थांत व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. याला आजच्या ज्ञानाची जोड द्यावी. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉनच्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत हृदयक्रिया थांबण्याच्या ५९ घटना आढळल्या. अर्धमॅरेथॉनमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या सुमारे पाव होते. धोका अल्प आहे, हे खरे. परंतु तो ज्यांच्या वाट्याला येतो त्यांच्यात बहुधा हृदयविकार आधीपासून दडलेला असतो.

आमच्या गावातील एका औषधी दुकानदारांनी एकदा एका गृहस्थांना आमच्याकडे पाठविले. वय चव्वेचाळीस, शर्यतीचा सराव सुरू. महिन्याभरात अविपत्तिकर चूर्णाची दुसरी बाटली मागितली, तेव्हा दुकानदारांनी "कशासाठी?" एवढेच विचारले. चढावर छातीत जळजळ होते, थांबले की शमते, असे उत्तर आले. ही जळजळ अन्नाशी नव्हे, श्रमाशी बांधलेली होती. आम्ही धावणे त्वरित बंद करण्यास सांगितले व हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. गृहस्थ रागावले, नोंदणीचे पैसे भरले होते. तपासणीत हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अवरोध निघाला. त्यांचे प्राण वाचविण्यातील पहिला वाटा आम्ही त्या दुकानदारांचा मानतो.

औषधी दुकानात

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुकानात तीन गोष्टींची मागणी होते.

पहिली, वेदनाशामक गोळ्या. शरीरातील जलांश घटलेला असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी वृक्कांचा रक्तपुरवठा आणखी कमी होऊ शकतो. शर्यतीपूर्वी त्या देऊ नयेत.

दुसरी, पाण्याविषयी सल्ला. "भरपूर प्या" हे उत्तर अपुरे आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के व्यक्तींत सोडियम न्यून आढळले. अतिजलपान हे त्याचे प्रमुख कारण होते. तहानेप्रमाणे प्यावे, आणि लिंबू, साखर, मीठ घातलेले प्यावे.

तिसरी, "ताकद येईल असे काहीतरी". येथे आपली जबाबदारी सर्वांत मोठी. १९०४ साली सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन ग्रामीण भागातील धुळीच्या रस्त्यांवर, कडक उन्हात झाली. ३२ जण निघाले, १४ पोहोचले. विजयी ठरलेल्या थॉमस हिक्स यास वाटेत स्ट्रिक्निन आणि ब्रँडी देण्यात आली होती. साहाय्यकांच्या आधारानेच तो अंतिम रेषेपर्यंत आला. स्ट्रिक्निन म्हणजे आपल्या कुपीलूतील विषद्रव्य. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, नाहीसे होत नाही. आज जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ते स्पर्धाकाळी निषिद्ध आहे. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी हे कल्प स्पर्धक खेळाडूस देण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे. रसायनांचे फळ महिन्यांनी मिळते. आदल्या रात्रीच्या चमच्याने नव्हे. आदल्या रात्री द्यावयाचेच तर मऊ भात, मुगाचे वरण, चमचाभर तूप आणि लवकर निद्रा एवढे सांगावे.

धावण्याची ही आवड आता आपल्या गावांत रुजली आहे. तिला विरोध करून आपण केवळ दूर फेकले जाऊ. त्यापेक्षा येत्या हेमंताच्या आरंभी, जो विचारावयास येईल त्याची नाडी, अग्नी, बल आणि पूर्वेतिहास पाहून त्यास महिन्यांचा क्रम लिहून द्यावा; आणि ज्यास नकार द्यावयाचा, त्यास स्पष्ट द्यावा. नव्या बैलाला पहिल्या दिवशी निम्माच दिवस जुंपावा, हे आमच्या त्या रुग्णाला ठाऊक होते. आपल्या ग्रंथांतही ते आहेच. आम्हांस मात्र ते कळण्यास एक घाट चढावा लागला.