तिसऱ्या दिवशी दार वाजतं

रायपूरच्या गोल बाजाराची ख्याती अशी, की जन्मापासून अंत्यविधीपर्यंत माणसाला लागणारं सगळं सामान तिथे मिळतं. पण याच शहराच्या गरीब वस्त्यांत एक गोष्ट पैसे न मोजता घरपोच येते, आणि ती मला साऱ्या बाजारापेक्षा अद्भुत वाटते. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी एक बाई दार वाजवते. तिच्यापाशी वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असतं. ती मितानिन, म्हणजे आरोग्य कार्यकर्ती.

बाळ झालंय हे तिला कळतं कसं?

इंग्लंडमध्ये यासाठी कायदा करावा लागला होता. जन्माची वर्दी 36 तासांच्या आत गावच्या आरोग्याधिकाऱ्याकडे पोचवायची, असा नियम तिथे 1907 पासून होता आणि 1915 मध्ये तो सक्तीचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, 5 जुलै 1948 ला त्यांची मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिच्या मोठमोठ्या रुग्णालयांचं कौतुक आपण ऐकतो. पण त्याच दिवसापासून आरोग्यसेविकांना घरोघर पाठवणं ही प्रत्येक स्थानिक संस्थेची कायदेशीर जबाबदारी झाली, हे फारसं कुणी सांगत नाही. सुईणीचं काम संपलं की ही सेविका बाळाकडे बघायला येई. देशात अजून रेशनिंग चालू होतं, तरी बालकल्याण केंद्रांवर मुलांसाठी दुधाची भुकटी, संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर तेल मिळत असे. युद्धाने कंगाल झालेला देश आधी तान्ह्या मुलांचा विचार करतो, हे केवढं मोठं!

मितानिनला मात्र वर्दी लागतच नाही, कारण ती त्याच गल्लीत राहते. छत्तीसगढ राज्य झालं 1 नोव्हेंबर 2000 ला आणि 2002 मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावापेक्षाही लहान एकक धरलं: पारा, म्हणजे आपल्याकडचा पाडा किंवा वाडी. प्रत्येक पाऱ्याने आपल्यातलीच एक बाई निवडायची. पुढे शहरी वस्त्यांतही मितानिन आल्या. शेजारणीला दिवस गेलेत हे जिला आधीपासून ठाऊक आहे, तिला बाळंतपणाची खबर कुणी वेगळी कशाला द्यायला हवी? 2005 मध्ये देशभर आशा कार्यकर्ती नेमायचं ठरलं, तेव्हा समोरच्या नमुन्यांपैकी एक ठळक नमुना हाच होता.

पण चार बुकं शिकलेली बाई आजारी बाळ ओळखणार कशी? याचं उत्तर छत्तीसगढच्या सीमेला लागून असलेल्या आपल्या गडचिरोलीत मिळालं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता न्यूमोनियाचा. या आजारात बाळाचा श्वास जलद चालतो. म्हणजे श्वास मोजले की झालं! पण मोजणाऱ्या बाईला दहाच्या पुढे आकडे येत नसतील तर? त्यांनी एक श्वासमापक बनवला. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर बाळाला न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं, की निदान हातात!

पुढचं पाऊल याहून धाडसी होतं. बाळांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या या बायांना, म्हणजे आरोग्यदूतांना, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. 39 गावांत हा प्रयोग झाला. सुरुवातीला तिथे दर हजार जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा 25 वर आला. शेजारच्या ज्या गावांत ही सेवा नव्हती, तिथे मृत्यूंचं प्रमाण जवळपास होतं तिथेच राहिलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले, तेव्हा भल्याभल्या तज्ज्ञांना आपली गृहीतकं तपासावी लागली.

2011 मध्ये नवजात बाळाच्या घरी जाणं हे देशभरातल्या आशांचं, आणि म्हणून मितानिनचंही, ठरलेलं काम झालं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळ घरी जन्मलं असेल तर पहिला दिवसही. सुरुवातीलाच एवढी घाई का? नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणून मितानिन आल्याबरोबर बाळ नीट दूध ओढतंय का ते बघते, अंग गार पडलंय का ते चाचपते, नाळेशी लाली किंवा पू नाही ना याची खात्री करते, वजन करते. अर्ध्या तासाचं काम, पण त्यात एक जीव हाती लागू शकतो.

आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला. तरी त्यांना अजून मानधन आणि कामागणिक भत्ता एवढंच मिळतं, पगार नाही. मला हे साफ चूक वाटतं.

तुमच्या घरी तान्हं बाळ असेल आणि आशाताई आल्या, तर दारातूनच ‘सगळं ठीक आहे’ म्हणून परत पाठवू नका. बाळ दाखवा. आणि स्वतःही एक गोष्ट शिकून ठेवा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा बाळाने दूध ओढणं सोडलं, तर सकाळची वाट बघू नका; तडक दवाखाना गाठा.