डांसांच्या पाठीमागें एक आयुष्य

संस्कृत सुभाषितकारांनीं मशकाला दुर्जनाच्या पंक्तीस बसविलें आहे. तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना आम्हीं तें सुभाषित मुलांकडून पाठ करून घेतलें, त्याचा अन्वय लावून दिला, आणि त्यांतील श्लेष कळून मुलें हंसलीं म्हणजे समाधान मानलें. परंतु ज्या प्राण्यावर एवढें पांडित्य केलें, तो आमच्याच डोक्यावर, गच्चीवरील टांकींत, सुखानें वाढत असेल याची आम्हांस गंधवार्ता नव्हती. ती गेल्या वर्षीं श्रावणांत कळली. आणि ती कळण्यासाठीं घरांतील एका नऊ वर्षांच्या मुलास अंथरूण धरावें लागलें.

हकीकत अशी. आषाढांत नगरपालिकेचा एक कर्मचारी, हातांत विजेरी व लांब दांड्याचें एक पांढरें पात्र घेऊन, दारीं आला आणि गच्चीवरील पाण्याची टांकी पाहूं द्या म्हणूं लागला. आम्ही पूजेस बसण्याच्या तयारींत होतों. ‘आमच्या घरीं पिण्याचें पाणी रोज गाळून भरतात, स्वच्छता आम्हांस कोणीं शिकवावयास नको,’ असें उंबऱ्याच्या आंतूनच सांगून आम्हीं त्यास वाटेस लाविलें. टांकीचें झांकण उन्हाळ्यांतच तडकलें होतें व त्यावर एक फळी टाकून आम्ही निश्चिंत झालों होतों, हें त्या वेळीं मनांतही आलें नाहीं.

पुढें श्रावणांत आमच्या नातवास एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येऊं लागला. तीन गोधड्या पांघरूनही पोराचे दांत वाजत. दोन तासांनीं अंग तव्यासारखें तापे. आणि मग घामानें अंथरूण भिजून जाई. डॉक्टरांनीं रक्ताचा थेंब कांचपट्टीवर घेतला व आम्हीं उत्सुकता दाखविल्यावरून सूक्ष्मदर्शक यंत्रांतून आम्हांसही तो पाहूं दिला. फिकट गुलाबी रक्तपेशींची दाटी होती. त्यांतील एकींत निळ्या आंगठीसारखें वर्तुळ, आणि आंगठीवर तांबडा खडा. एवढीशी ती खूण. पण तिनें आमचें सारें घर हालवून सोडलें.

रोग्याची नोंद होतांच तोच कर्मचारी पुन्हां आला. या वेळीं आम्ही मुकाट्यानें जिना दाखविला. फळी दूर करून त्यानें पात्रांत पाणी घेतलें व उन्हांत धरलें. पृष्ठभागाशीं समांतर, आडव्या पडलेल्या बारीक अळ्या त्यांत होत्या. ‘दुसऱ्या जातीच्या अळ्या डोकें खालीं करून तिरप्या लोंबतात, या आडव्या असतात त्या हिंवतापाच्या,’ असें त्यानें शांतपणें सांगितलें. आषाढांतील प्रसंगाचा त्यानें शब्दही काढला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

नातू बरा होत असतां आम्हीं, हें ज्ञान जगास प्रथम कोणीं मिळवून दिलें, याचा शोध घेतला. तो शोध घेतांना एका विलक्षण पुरुषाची ओळख झाली. तीच वाचकांस करून देण्याचा येथें हेतु आहे.

रोनाल्ड रॉस याचा जन्म १३ मे १८५७ रोजीं हिमालयाच्या कुशींतील अलमोडा येथें झाला. वडील इंग्रजी फौजेंत अधिकारी. आठव्या वर्षीं मुलास शिक्षणासाठीं विलायतेस धाडण्यांत आलें. याला आवड काव्याची, चित्रकलेची व संगीताची. वडिलांचा आग्रह मात्र वैद्यकाचा. आपल्या घराघरांतून जो झगडा आजही चालतो, तोच तेथें झाला आणि बहुधा होतें तसेंच होऊन वडिलांचा शब्द राहिला. रॉसनें वैद्यकाचा अभ्यास केला तो बेताचाच. सन १८८१ मध्यें तो सरकारी वैद्यकीय नोकरींत हिंदुस्थानांत आला, तरी त्याचें चित्त कविता, कादंबऱ्या व गणित यांतच गुंतलेलें असे.

सन १८८३ मध्यें बंगळूर येथें असतां त्यास आपल्या बंगल्यांत डांसांचा फार उपद्रव होऊं लागला. खिडकीजवळील पाण्याच्या पिंपांत अळ्या दिसल्या. पिंप उपडें करतांच डांस नाहींसे झाले. मग जेवणघराच्या आवारांतील पिंपें, टेबलाखालचे डबे व फुलदाण्यादेखील रिकाम्या कराव्या, असें त्यानें तेथील अधिकाऱ्यास सुचविलें. त्या गृहस्थानें तें हंसण्यावारी नेलें. डांस निर्माण झाले ते कांहीं हेतूनेंच. निसर्गाच्या व्यवस्थेंत ढवळाढवळ करूं नये, असें त्याचें म्हणणें पडलें. हा मजकूर वाचतांना आम्हांस आपलाच उंबरठा आठवला. पांडित्य वेगळें, भाषा वेगळी. पण अहंकार तोच.

हिंवताप हा दलदलीच्या दूषित हवेनें होतो, अशी त्या काळीं सर्वत्र समजूत असे. त्याचें युरोपीय नांवही ‘वाईट हवा’ या अर्थाचेंच आहे. सन १८८० मध्यें लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरास अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत या तापाचा जंतु दिसला. पण एकाच्या रक्तांतून तो दुसऱ्याच्या रक्तांत जातो कसा, हें कोडें तसेंच राहिलें. डांसाचा यांत कांहीं संबंध असावा, अशी लंडनमधील पॅट्रिक मॅन्सन यांची अटकळ होती. सन १८९४ मध्यें रजेवर गेलेल्या रॉसला त्यांनीं तो जंतु यंत्रांतून दाखविला, आणि या सदतीस वर्षांच्या माणसास आयुष्याचें काम सांपडलें. सन १८९५ मध्यें मुंबईस बोटीतून उतरतांच, सामान मोकळें होण्याची वाट न पाहतां, तो हिंवतापाचे रोगी शोधीत तेथील रुग्णालयांत गेला.

यापुढील दोन वर्षें अपयशाचीं आहेत, आणि आमच्या मतें तींच या चरित्रांतील खरीं मोलाचीं आहेत. सिकंदराबादेस रॉस डांस पाळी, त्यांस रोग्यांना चाववी, मग एकेक डांस कापून तासन्‌तास यंत्राखालीं पाही. शेंकडों डांस झाले, कांहींच सांपडेना. करड्या व चट्टेरी जातींचे जे डांस सहज मिळत, तेच तो घेत होता. आणि त्या जातींत मनुष्याचा हिंवताप वाढतच नाहीं! ज्या दारीं वस्तु नव्हती, तें दार तो दोन वर्षें ठोठावीत होता. मध्यंतरीं निलगिरीकडे गेला असतां त्यास स्वतःलाच हिंवतापानें गांठलें.

सन १८९७ च्या ऑगस्टांत त्यास ठिपकेदार पंखांचे, वेगळ्या जातीचे कांहीं डांस मिळाले. हुसेनखान नांवाच्या रोग्यास दर डांसामागें एक आणा देऊन त्यानें त्यांचे चावे सोसावयास लाविलें. २० ऑगस्ट रोजीं उरलेल्या मोजक्या डांसांपैकीं एक त्यानें कापला. उकाडा असह्य होता. पण वाऱ्यानें डांसाचे कापलेले भाग उडतील म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. घामानें यंत्राचे स्क्रू गंजलेले, भिंग तडा गेलेलें. अशा स्थितींत डांसाच्या जठराच्या भिंतींत त्यास वाटोळ्या पेशी दिसल्या, आणि त्यांत हिंवतापाच्या जंतूंत असणारे तेच काळे कण! दुसऱ्या दिवशीं आणखी एक डांस कापला. त्यांत त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या होत्या. अर्थात्‌ जंतु डांसाच्या शरीरांत वाढत होता. त्या रात्रीं या डॉक्टरानें कविता लिहिली. वडिलांनीं मोडलेली आवड अखेर विज्ञानाच्याच कामीं आली. २० ऑगस्ट हा दिवस आज ‘जागतिक डांस दिन’ म्हणून पाळला जातो.

शोध अर्धाच झाला होता तोंच बदलीचा हुकूम आला. आणि तीही राजपुतान्यांतील खेरवाडा येथें, जेथें हिंवतापाचे रोगी मिळणें कठीण. पुढें सन १८९८ मध्यें कलकत्त्यास संशोधनासाठीं नेमणूक मिळाली. पण तेथें मनुष्यांवर प्रयोग करणें अवघड झालें. तेव्हां त्यानें चिमण्या घेतल्या. पक्ष्यांनाही त्यांचा स्वतंत्र हिंवताप असतो. त्याच वर्षींच्या जुलैंत जंतूंचा सारा मार्ग उलगडला : चिमणीच्या रक्तांतून डांसाच्या जठरांत, तेथून त्याच्या लालापिंडांत, आणि चाव्याबरोबर निरोगी चिमणीच्या रक्तांत. या कामीं किशोरीमोहन बंद्योपाध्याय या बंगाली तरुण साहाय्यकाचा हातभार होता. त्यास पुढें सुवर्णपदक मिळालें, पण त्याचें नांव किती जणांस ठाऊक आहे? हुसेनखानाचें नांव राहिलें, तें तरी दहापांच आण्यांच्या हिशेबामुळें.

मनुष्याच्या हिंवतापाचा मार्ग त्याच वर्षाच्या अखेरीस इटलींतील ग्रास्सी व त्यांचे सहकारी यांनीं दाखविला. आणि मग श्रेय कोणाचें यावरून रॉस व ग्रास्सी यांच्यांत जो कलह माजला, तो दोघांसही शोभला नाहीं. सन १९०२ चें नोबेल पारितोषिक रॉसला मिळालें. त्याचें उत्तरायुष्य डांसांच्या निर्मूलनांत व गणितांत गेलें. हिंवताप थांबविण्यास शेवटचा डांस मारण्याची जरुरी नाहीं. त्यांची संख्या एका मर्यादेखालीं आणली म्हणजे रोग आपोआप ओसरतो, हें त्यानें समीकरणें मांडून दाखविलें. साथीच्या रोगांच्या आजच्या गणिताचा एक पाया तेथें आहे. सन १९३२ च्या सप्टेंबरांत लंडन येथें त्याचें देहावसान झालें.

शोध लागला म्हणजे रोग जातो, असें मात्र नव्हे. मुंबईचेंच उदाहरण घ्या. सन १९११ मध्यें डॉ. बेंटले यांनीं तेथील हिंवतापाची चौकशी करून सांगितलें कीं, शहरांत हा रोग पसरविणारा ‘ॲनॉफिलीस स्टीफेन्साय’ जातीचा डांस लोकांच्या विहिरींत व हौदांत वाढतो. विहिरी बुजवा, निदान झांका, असें म्हणतांच धर्माच्या नांवानें मोठा विरोध झाला. विहिरीचें पाणी पवित्र, तें बंदिस्त कसें करावें? आमचेही वाडवडील त्याच मताचे असते, आणि आम्ही तरी कोठें वेगळे निघालों? पाणी सोंवळ्यांत ठेवण्याची काळजी आम्हांस होती, झांकण्याची नव्हती.

सन १९४७ मध्यें आपल्या देशांत वर्षाला सुमारें साडेसात कोटि लोकांस हिंवताप होई व आठ लक्ष मरत, असा अंदाज आहे. सन १९५३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमानें घरोघर डी.डी.टी. फवारलें, आणि सन १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या लाखाच्या घरांत आली. मग आपण सैलावलों, डांसही त्या औषधास सरावले, आणि सन १९७६ मध्यें संख्या चौसष्ट लक्षांवर गेली. पुढील प्रयत्नांनीं ती पुन्हां पुष्कळ उतरली आहे. हिंवतापावर लसही निघाली. सन २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलेली दुसरी लस पुण्यांतच तयार होते. ती मुख्यतः आफ्रिकेंतील बालकांसाठीं आहे. आमच्या नातवास झालेल्या प्रकारावर ती चालत नाहीं. उलट, मुंबईच्या विहिरींतला तो स्टीफेन्साय डांस सन २०१२ मध्यें आफ्रिकेंत जिबूती येथें आढळला, व आतां तेथील शहरांतून पसरत आहे. शास्त्र एक पाऊल पुढें जातें. डांसही स्वस्थ बसत नाहीं.

म्हणून गृहिणींस व घरांतील कर्त्या पुरुषांस आमची विनंति एवढीच : अंड्यापासून डांस होण्यास साधारण आठदहा दिवस लागतात. आठवड्यांतून एक दिवस ठरवून पिंपें, हौद, फुलदाण्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांसाठीं ठेवलेलीं भांडीं पूर्ण रिकामीं करून घासावीं. टांकीस घट्ट झांकण असावें. आणि ताप येतांच रक्त तपासावें. ताप उतरला म्हणून औषध मध्येंच सोडूं नये. या प्रकारचा जंतु यकृतांत दडून बसतो व महिन्यांनीं पुन्हां डोकें वर काढतो. यास्तव आमच्या नातवासही डॉक्टरांनीं चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या त्याच्या आजीनें एकही न चुकवितां दिल्या.

नातू आतां ठणठणीत आहे. दर शनिवारीं तो आमच्याबरोबर गच्चीवर येतो व टांकीचें नवें झांकण दोन्ही हातांनीं दाबून पाहतो. यंदा आषाढांत तो कर्मचारी आला, तेव्हां आम्ही पूजेवरून उठून त्यास सामोरे गेलों. तो गच्चीवरून उतरेपर्यंत सूनबाईंनीं चहा ठेविला होता. पात्रांत नुसतें स्वच्छ पाणी निघालें, हें त्यानें सांगितलें, तेव्हां मुलाच्या आधीं आम्हांसच परीक्षेंत उत्तीर्ण झाल्यासारखें वाटलें.