मध्यम आकाराच्या शहरातील जीवन : वसई-विरारच्या निमित्ताने

महानगरांविषयी पुष्कळ लिहिले जाते. खेड्यांविषयीही आस्थेने लिहिले जाते. मात्र या दोहोंच्या मध्ये वसलेल्या शहरांकडे अभ्यासकांचे आणि राज्यकर्त्यांचेही लक्ष उशिरानेच जाते. ही शहरे धड गाव राहिलेली नसतात आणि महानगराच्या सोयीही त्यांच्या वाट्याला आलेल्या नसतात. आपल्या धर्मप्रांतातील बहुसंख्य कुटुंबे आज अशाच एका शहरात राहतात. म्हणून या जीवनाचे स्वरूप काय, त्यातील अडचणी कशा निर्माण झाल्या आणि ख्रिस्ती श्रद्धा त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहते, याचा थोडक्यात विचार आम्ही येथे करीत आहोत.

शहर कसे घडले?

वसईला इतिहास नवा नाही. सोपारा हे प्राचीन बंदर होते. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे अवशेष मिळाले आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकून घेतली. नागासाकी येथे १५९७ मध्ये हौतात्म्य पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया याच भूमीत जन्मले. तरीही आजचे शहर हे किल्ल्यातून वाढलेले नाही, ते रेल्वेच्या रुळांमुळे वाढले आहे. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी १८६७ मध्ये धावली आणि १९३६ मध्ये विजेवर चालणारी लोकल विरारपर्यंत पोहोचली. मुंबईतील घरांच्या किमती सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या, तेव्हा तो याच रुळांवरून उत्तरेकडे सरकत आला.

३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची अनेक गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर नोंदली गेली. त्याच वेळी बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे आकड्यांच्या हिशेबात आपले शहर दशलक्षी असले, तरी शेजारच्या महानगराच्या एकदशांश. या तुलनेतूनच त्याचे मध्यमपण स्पष्ट होते. येथे माणसे शहराइतकी आहेत, परंतु मोठी रुग्णालये, विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि मुख्यतः रोजगार हे सारे खाडीपलीकडे आहे.

दोन जगांचा शेजार

अशा शहराचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे अल्प अंतरात बदलणारे जीवन. रेल्वेच्या पश्चिमेला समुद्राकडे जावे, तर अद्याप केळीच्या बागा, पानवेली, भाजीचे मळे आणि फुलांच्या वाड्या दिसतात. पहाटेच्या गाडीने येथील फुले व भाजीपाला मुंबईच्या बाजारात जातो. घरांतून कादोडी आणि वाडवळी बोली ऐकू येतात. स्थानकाजवळ यावे, तर इमारतींची दाटी, खासगी शिकवण्यांचे फलक आणि कोकण, घाटमाथा, उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, केरळ अशा नाना ठिकाणांहून आलेली कुटुंबे. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी कारखान्यांचे गाळे आणि कामगारांच्या चाळी आहेत.

हे वैविध्य ही शहराची संपत्ती आहे, तसाच तो त्याच्या ताणाचा उगमही आहे. वाडीत राहणाऱ्याला वाटते की शहर आपल्यावर चालून आले. इमारतीत राहणाऱ्याला वाटते की आपण घर घेतले, कर भरतो, तरी आपल्याला ‘बाहेरचे’ म्हटले जाते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरितपट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने आंदोलन उभारले. ते आंदोलन माणसांविरुद्ध नव्हते. भूमीची धारणक्षमता ओळखून वाढ व्हावी, एवढाच त्याचा आग्रह होता. पुढे काय घडले ते पाहता तो आग्रह दूरदृष्टीचा होता, असे म्हणावे लागते.

रुळांवरचे आयुष्य

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. घर ते स्थानक, गाडीची प्रतीक्षा, प्रवास आणि पुन्हा कार्यालयापर्यंतची पायपीट हे सारे जमेस धरले, तर अनेकांचे दिवसातील तीन-चार तास वाटेतच खर्ची पडतात. याचा परिणाम केवळ शरीरावर होत नाही. जो माणूस सकाळी सातला जाऊन रात्री नऊला परततो, तो आपल्या गल्लीत झोपण्यापुरताच असतो. मुलाच्या शाळेतील पालकसभा, सोसायटीची बैठक, धर्मग्राम परिषदेचे काम या गोष्टी त्याला रविवारवर ढकलाव्या लागतात आणि रविवार एकच असतो.

येथे एक सूक्ष्म कारण-परिणाम ध्यानात घ्यावा. नागरिक दिवसभर शहरात नसतील, तर शहराच्या कारभारावर देखरेख कोण करणार? अर्धवट गटार, बुजवलेला नाला, पदपथावरील अतिक्रमण हे सारे दिवसाउजेडी घडते आणि रहिवासी ते रात्रीच्या अंधारात ओलांडून घरी जातो. मध्यम शहराच्या अनेक दुखण्यांचे मूळ या अनुपस्थितीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि खरा दिलासा शहरातच रोजगार निर्माण होण्यात आहे.

पाणी : कमी आणि जास्तही

उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात घरात पाणी, हा विरोधाभास परक्या माणसाला चमत्कारिक वाटतो. त्यामागची कारणे साधी आहेत. पूर्वी वसईच्या वाड्यांमध्ये ठिकठिकाणी बावखले असत. ही गोड्या पाण्याची लहान तळी पावसाचे पाणी साठवीत, ते जमिनीत मुरवीत आणि विहिरींना वर्षभर आधार देत. बांधकामासाठी बावखले व पाणथळ जागा बुजत गेल्या, तसे मुरणारे पाणी वाहू लागले आणि नैसर्गिक वाटा अडल्याने ते वस्तीत शिरले. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारचा रेल्वेसंपर्क तुटला आणि अनेक वस्त्या वीज व पिण्याच्या पाण्याविना राहिल्या, हे आपण विसरलेलो नाही.

दुसरीकडे, विहिरींतून टँकरसाठी बेसुमार उपसा केला की किनारपट्टीच्या जमिनीत गोड्या पाण्याचा दाब कमी होतो आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकते. एकदा खारावलेली विहीर सहजासहजी गोडी होत नाही. नळाच्या पाण्यासाठी शहर सूर्या नदीवर अवलंबून आहे. नव्या सूर्या प्रादेशिक योजनेच्या दररोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी ठरविण्यात आले आणि २०२३ च्या अखेरीस त्याचा पुरवठा सुरू झाला. हे पाणी पालघरच्या आदिवासी भागातून येते, याचे स्मरण नळ उघडताना असावे.

छप्पर आणि सुरक्षितता

मध्यम शहराचे मुख्य आकर्षण म्हणजे परवडणारे घर. परंतु स्वस्त घराच्या ओढीचा लाभ उठविणारेही असतात. बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत कष्टकऱ्यांनी आयुष्याची पुंजी ओतली. आरक्षित जागेवर उभ्या असलेल्या नालासोपारा येथील ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी पाडण्यात आल्या आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांना प्राण गमवावे लागले. या घटनांत कायदा मोडणारा निराळा होता आणि शिक्षा भोगणारा निराळा. घर घेण्यापूर्वी बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचा सातबारा उतारा जाणकाराकडून तपासून घ्यावा, हे सांगणे म्हणूनच आज धर्मग्रामाच्याही कर्तव्यात मोडते.

ख्रिस्तसभा शहराकडे कशी पाहते?

पवित्र शास्त्रात बाबेल आहे, तसेच नवे यरुशलेमही आहे. बाबिलोनमध्ये निर्वासित झालेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवून त्या परक्या नगराचे कल्याण साधण्यास आणि त्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. संत पौलाची बहुतेक पत्रे करिंथ, फिलिप्पै, थेस्सलनीका अशा शहरांतील ख्रिस्ती समूहांना लिहिलेली आहेत. तीही बंदरांची, बाजारांची, सरमिसळ लोकवस्तीची नगरे होती.

पोप पौल सहावे यांनी १९७१ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात शहरीकरणातून येणाऱ्या एकाकीपणाकडे लक्ष वेधले आणि शेजारधर्माची पुनर्बांधणी करण्याचे आवाहन केले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात घर, वाहतूक आणि सार्वजनिक जागा हे विषय पर्यावरणाचेच अंग मानले. माणूस ज्या परिसरात राहतो तो परिसर त्याच्या मनाला घडवितो किंवा मोडतो, हा त्या विवेचनाचा गाभा आहे.

आपल्याला काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे शेजार. मोठ्या शहरात शेजारी अनोळखी असतो आणि गावात तो नात्यातला असतो. मध्यम शहरात मात्र शेजार मुद्दाम जोडावा लागतो. आपले लहान ख्रिस्ती समूह यासाठीच आहेत. महिन्यातून एकदा प्रार्थनेसाठी एकत्र येणाऱ्या पंधरा-वीस कुटुंबांना तिसऱ्या मजल्यावरील एकट्या वृद्धेचे आजारपण सर्वांआधी कळते. हा समूह इमारतीतील अन्यधर्मीय कुटुंबांनाही आपला वाटावा.

दुसरी गोष्ट म्हणजे नागरिकत्व. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले आणि तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. आपल्या प्रभागाचा अर्थसंकल्प, विकास आराखडा आणि त्यावरील हरकतींची मुदत यांची माहिती प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन प्रापंचिकांना तरी असावी.

तिसरी गोष्ट म्हणजे भूमी. उरलेले बावखल, उरलेली विहीर आणि उरलेली वाडी जतन करणे हे केवळ जुन्या वसईकराचे काम नाही. त्या पाण्यावर आणि त्या हवेवर नव्याने आलेल्याचाही हक्क आहे, म्हणून जबाबदारीही दोघांची आहे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे सहकार. १९१८ मध्ये येथील कॅथॉलिकांनी स्थापन केलेली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक हे, सामान्य माणसे एकत्र आल्यास काय उभारू शकतात, याचे शतकभराचे उदाहरण आहे. पाळणाघरे, ज्येष्ठांसाठी दिवसाची निवारागृहे, घरखरेदीविषयी कायदेशीर सल्ला अशा आजच्या गरजांसाठी तीच वृत्ती हवी.

मध्यम शहराचे एक भाग्य असे की त्याचे भवितव्य अजून पूर्णपणे ठरलेले नाही. महानगराला आपला साचा बदलणे फार कठीण जाते. आपले शहर अजून वळू शकते. ते झोपण्यापुरते ठिकाण राहील की माणसांचे घर होईल, हे बऱ्याच अंशी येथे राहणाऱ्यांच्या हाती आहे. नाझरेथसारख्या लहानशा गावात वाढलेला आणि यरुशलेम नगराकडे पाहून रडलेला प्रभू येशू आपल्याला या शहरावर प्रेम करण्याची आणि त्याच्या कल्याणासाठी झटण्याची कृपा देवो.