कुतच्या वेढ्यातल्या मराठा पलटणी

आमच्या मानोऱ्यात इराकचा विषय निघाला की गप्पा २००३ च्या अमेरिकी हल्ल्याच्या मागं जात नाहीत. पण मंडळी, त्याआधीची परकी घुसखोरी आपल्याच माणसांच्या खांद्यावरून झालीय! नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांसाठी बसरा घेतलं ते सहाव्या पूना डिव्हिजननं. पुढं हीच डिव्हिजन इराकमधल्या कुतमध्ये तुर्कांच्या वेढ्यात सापडली. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी. धान्य संपलं, घोडे कापले, तरी बहुतेक हिंदी शिपाई त्या मांसाला बरेच दिवस शिवेनात. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. महिनाभरात सायक्स-पिको करारानं ब्रिटन-फ्रान्सनी अरब मुलूख कागदावर वाटून घेतला. इराकमधला आपल्याविरुद्धचा १९२० चा उठाव चिरडून इंग्रजांनी १९२१ मध्ये फैसल या अरब राजपुत्राला तिथल्या गादीवर बसवलं. १९५८ मध्ये इराकी लष्करानं ती गादीच उलथवली. २००३ मध्ये अमेरिकेनं इराकसाठी भारताकडं फौज मागितली, तेव्हा वाजपेयी सरकारनं नकार दिला. शहाणपणाच केला, असं माझं मत.