‘अर्ली’ अर्ज केला, आता जीव टांगणीला

१ नोव्हेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठाचा ‘अर्ली डिसिजन’ अर्ज भरायचा आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत झोप उडवून घ्यायची, हे आम्ही आपल्या मुलामुलींत पाहतो. बाबासाहेब १९१३ मध्ये ज्या कोलंबियात शिकायला गेले, तिथेही आज पदवीच्या प्रवेशासाठी ही पद्धत आहे. निवड झाली तर तिथेच जायचे, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, असे तिचे बंधन.

या फेरीत निवडीचे प्रमाण जास्त दिसते खरे. पण त्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुले असतात, अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांचीही. घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलीला तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

आमची खरी काळजी पैशाची. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली, तर कोलंबियात त्याचा निवडीवर परिणाम होऊ शकतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटीत तसे होत नाही. मिळालेली मदत अपुरी पडली तर बंधनातून सुटता येते, हे आईवडिलांना आजच सांगा.

‘डिफर’ म्हणजे नकार नव्हे. अर्ज नियमित फेरीत जातो, बंधन संपते, निकाल मार्चअखेर लागतो. तोवर पहिल्या सत्राचे गुण शाळेमार्फत पाठवा. आणि बाकीचे अर्ज निकालाची वाट न पाहता लिहायला घ्या; बहुतेकांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीलाच संपते.